झाकल्या पाठीचा पुष्कराज

एका राज्यात एके सकाळी पिवळा रंग नाहीसा झाला. चोरीला गेला नाही, कुणी पळवून नेला नाही, नुसता नाहीसा झाला. बायकांनी हळदीचे डबे उघडले तर आत राखाडी भुकटी. झेंडूच्या मळ्यात पांढरे गोंडे डुलत होते. लिंबे पांढरी, मोहरी पांढरी, आणि ऊन म्हणाल तर दुधासारखे. ते सगळीकडे पडे, पण अंगाला लागत नसे. पेटीतले सोने कथलासारखे झाले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण त्या दिवशी त्या राज्यातल्या घरोघरी अक्षरशः खरी ठरली. लग्ने अडली, कारण बिनहळदीची नवरी बोहल्यावर चढवायची कशी? गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या उतावळ्या नवऱ्यांनी बाशिंगे सोडून पुन्हा खुंटीला टांगली.

साऱ्या राज्यात एकच वस्तू पिवळी उरली. ती म्हणजे राणी इंदुलेखेच्या गळ्यातल्या पदकातला पुष्कराज. तो तर असा झळकत होता की पाहणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा. आणि पदक गळ्यात असलेली राणी त्याच सकाळपासून पलंगावर गार पडून होती. श्वास चाले, पण डोळे उघडत नसत.

हे ऐकून साऱ्या नगरात एकाच बाईला कारण कळले. तिचे नाव मंजुळा. तो पुष्कराज त्या पदकात तिनेच बसवला होता.

मंजुळेची आणि राणीची गाठ जन्मापासूनची. इंदुलेखा जन्मली तीच गार. दाईने उचलली तर जणू विहिरीतला गोटा. तेव्हा डोंगरावरून पाषाणकेतू नावाचा जादूगार उतरून आला. त्याने सुपारीएवढा फिका पिवळा पुष्कराज बाळाच्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, "हे उजेडाचं दार आहे. राज्यात पडणारं ऊन यातून हिच्या अंगात जाईल, आणि हिच्या अंगातून राज्यात परत येईल. खडा अंगाला लागलेला असू दे. याची पाठ कधी झाकू नका." एवढे बोलून तो निघून गेला. जादूगारांना फार बोलायची सवय नसते.

त्या बाळाला दूध पाजले मंजुळेच्या आईने. एका मांडीवर मंजुळा, दुसरीवर इंदुलेखा. दोघी एका दुधावर वाढल्या. पुढे एक राणी झाली, आणि दुसरीने बापाचा धंदा उचलला. दागिन्यात खडे बसवण्याचा. आई मरेपर्यंत सांगत राहिली, "मंजे, इंदूच्या खड्याची पाठ झाकू द्यायची नाही हो." रोज ऐकलेली पोथी जशी कानावरून जाते, तसे ते शब्द मंजुळेच्या कानावरून जात.

आता तिचा हात कसा होता ते ऐका. नदीतला गारगोटीचा तुकडा द्या, ती त्याला रत्न करून देई. त्यात जादू नव्हती. सोन्याचे घर करायचे, तळाशी चकचकीत घासलेला पातळ पत्रा ठेवायचा, त्यावर खडा बसवायचा आणि पाठ बंद करून टाकायची. उजेड वरून आत जाई, पत्र्यावर आपटे आणि दुप्पट होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यांत परत येई. सगळे कारागीर हेच करीत. मंजुळेइतके सुबक कुणाला जमत नसे. कारागिरांची शपथही होती. नव्या कारागिराने पेटत्या शेगडीवर हात धरून म्हणायचे, गिऱ्हाइकापुढे दागिन्याची पाठ कधी उघडणार नाही. त्यांचा म्होरक्या भानजी सगळ्यांना बजावी, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्या वर्षी शेजारच्या राज्याचा वकील दरबारात आला. दहा बोटांत दहा हिरे घालून आला. राणीच्या गळ्याकडे पाहून गोड हसला आणि म्हणाला, "राणीसाहेबांचा खडा अंमळ फिका वाटतो. पाणी प्यालाय जणू."

राजा भद्रायू वाईट माणूस नव्हता. राणीवर त्याचा जीव होता. पण चारचौघांत कुणी हिणवले की त्याचे कान लाल होत आणि मग त्या कानांत शहाणपण शिरत नसे. त्याने मंजुळेला बोलावले.

"खडा चमकला पाहिजे."

"चमकेल, महाराज."

कसा, ते राजाने विचारले नाही. खडा धरणाऱ्या जुन्या चार नख्यांतून, उघड्या पाठीच्या साध्या घरातून, मंजुळेने पुष्कराज सोडवला. त्या संध्याकाळी आईचे शब्द तिला आठवले. आठवले नाहीत असे खोटे बोलून उपयोग नाही. पण तिला दरबार दिसत होता. वकिलाचे उतरलेले तोंड दिसत होते. लोक म्हणतील, वाहवा, काय हात आहे! आईचे काय, जुन्या काळची बाई, असे म्हणत तिने पत्रा घासायला घेतला.

पदक गळ्यात घालताना राणीने विचारले होते, "मंजे, हे मागून बंद का गं लागतंय?"

"शोभा येते त्यानं, राणीसाहेब."

शोभा आली. वकिलाने हिऱ्यांची बोटे बाहीत लपवली. मंजुळेला राजाने रेशमी शालजोडी दिली. दोन दिवस ती शालजोडी पांघरून फिरली, आणि तिसऱ्या सकाळी हळदीच्या डब्यात राख निघाली.

राजाने तीन मांत्रिक बोलावले. पहिल्याने राणीभोवती अग्नी पेटवला. ज्वाळा पांढरी आली. दुसऱ्याने सहस्र नावे म्हटली, घसा बसला. तिसरा शहाणा होता, म्हणजे त्याला काही येत नव्हते आणि ते लपवता येत होते. तो म्हणाला, "महाराज, पदक तेवढं झळकतं आहे. राणीसाहेबांचे प्राण त्यातच असणार. गारठा पायांपासून रोज वर चढतो आहे, सातव्या दिवशी काळजाला भिडेल. तोवर पदक सांभाळा."

राजाने दवंडी पिटवली, "पदकाला जो हात लावील त्याचा हात जाईल."

मंजुळा घरी दार लावून बसली. तेव्हा खिडकीत एक पांढराफटक पक्षी येऊन बसला.

"कोण रे तू?" तिने विचारले.

"हळद्या," पक्षी म्हणाला. "परवापरवापर्यंत तरी होतो. पी हळद आणि हो गोरी म्हणतात. मी हळद न पिताच गोरा झालो, आणि आता आमची ही मला घरट्यात घेत नाही. बाई, तुला कारण ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक असणार?"

"ठाऊक नसतं तर दार लावून बसली नसतीस."

यावर मंजुळेला रडू कोसळले. रडून झाल्यावर ती म्हणाली, "उजेड पत्र्यावर आपटून लोकांच्या डोळ्यांत जातो. इंदूच्या अंगात जातच नाही. सगळं दिसण्यापुरतं उरलं. मी तिला उपाशी ठेवलं रे."

"मग उघड पाठ."

"सोनं दाबून बंद केलंय. उघडायचं तर छिन्नी लावावी लागेल. पुष्कराज कठीण खरा, पण त्याच्या पोटात एक पदर असतो, वहीच्या पानासारखा. त्या पदराला आडवा धक्का बसला की खडा दुभंगतो. आता तो पदर कुठल्या बाजूला आहे, बंद घरात कसं कळावं? खडा फुटला तर इंदू गेली."

"ज्यानं दिला त्याला विचारू या," हळद्या म्हणाला. "माझी सावली पडेल तिथं पाऊल टाकत ये. एका पावलात एक कोस सरेल. भराभर चाल, मला रेंगाळणारी माणसं आवडत नाहीत."

पक्षी पुढे, ती मागे. पांढरे मळे मागे पडले. दुधासारखी नदी आली, तिच्यात पांढरे आभाळ होते आणि पांढऱ्या आभाळात तिचे स्वतःचे तोंड. गावे झोपेत चालल्यासारखी शांत होती. ओट्यांवर माणसे बसली होती, उन्हात बसूनही घोंगड्या पांघरून. एका अंगणात एक लहान मुलगी पांढऱ्या फुलांची माळ ओवत होती आणि आईला विचारत होती, पिवळा म्हणजे कसा गं असतो? मुलीला चार दिवसांतच आठवेनासे झाले होते. मंजुळेने मान खाली घातली आणि पावले भराभर उचलली.

दुरून डोंगर साजरे. जवळ गेल्यावर त्या डोंगराच्या अंगाला नुसते काटे आणि दरडी. माथ्यावर पाषाणकेतू सूर्याकडे पाठ करून बसला होता. इंदुलेखेच्या जन्मावेळचा एक दिवस सोडला तर शंभर वर्षे तो तसाच बसलेला, त्यामुळे त्याची पाठ सोनेरी आणि तोंड सावलीसारखे काळे होते.

"झाकलीस," तो म्हणाला.

"झाकली."

"का?"

"लोक वाहवा म्हणतील म्हणून."

"निदान खरं बोललीस. तीन कामं कर. पहिलं, या गुहेत हजार पिवळे तुकडे आहेत. एकच पुष्कराज आहे, बाकी काच. तो आण. डोळे बांधून."

मंजुळेने आयुष्यभर डोळ्यांनी काम केले होते आणि डोळे फसवण्याचेच केले होते. तिने शालीने डोळे बांधले आणि एकेक तुकडा गालाला लावू लागली. काच गालाला लागताच लवकर गारवा सोडे, गालासारखीच कोमट होई. सूर्य माथ्यावर येऊन कलला तेव्हा एक तुकडा हाती आला. वजनाला भारी, साबणासारखा निसरडा, आणि गालावर कितीही धरला तरी गारच. तिने तो शालीच्या टोकावर घासला आणि वाळल्या गवताजवळ नेला. गवताच्या काड्या टुणकन उडून त्याला चिकटल्या.

"हा," ती म्हणाली.

"हाच. दुसरं, त्याचे दोन भाग कर. एका टिचकीत."

शेजारी घण पडले होते, आणि घणांशेजारी पुष्कराजांचा चुरा. तिच्याआधी पुष्कळ जण येऊन गेले असावेत. मंजुळेने घणाला हात लावला नाही. तिने खड्यावर हळू श्वास सोडला. धुके धरले आणि विरू लागले. तिने पुन्हा सोडला, पुन्हा पाहिले. दरवेळी एका बारीक रेघेवरचे धुके आधी विरत होते. तिने त्या रेघेवर नखाने टिचकी मारली. खडा न किंचाळता उघडला, दोन आरशांसारखा.

"बंद घरातही रेघ अशीच सापडेल," पाषाणकेतू म्हणाला. "रेघेच्या बाजूनं सोनं उघड, आडवं नको. आता तिसरं. ते काम इथं नाही. खडा बरेच दिवस अंगाला पारखा झालाय. मोकळा होताच तो आधी ऊब पिईल, आणि जो हात त्याला मोकळं करील त्या हाताची पिईल. ती पुरती प्याल्याशिवाय त्यातून उजेड जाणार नाही."

मंजुळेने आपल्या हातांकडे पाहिले. खडे बसवणाऱ्याचा दागिना लाखेत रोवलेला असतो. लाख किती मऊ झाली, किती घट्ट झाली, ते हाताच्या उबेलाच कळते. गार हाताला लाख बोलत नाही.

"ऊब परत येईल?"

"मी तसं म्हणालो नाही."

"हात गेले तर मी कोण?"

"ते मला विचारू नकोस," जादूगार म्हणाला.

ती परतली तेव्हा सातवा दिवस होता आणि दुपार होत होती. गारठा राणीच्या बरगड्यांपर्यंत चढला होता. पलंग दरबारात आणून ठेवला होता, अवतीभवती सारे नगर उभे होते. दुधट उजेडात त्यांचे चेहरे स्वप्नात पाहिल्यासारखे पुसट दिसत. मधोमध पुष्कराज मात्र झळकत होता.

मंजुळा पलंगाशी गेली. भालदार आडवे आले.

"दवंडी ऐकली नाहीस?" राजाने विचारले. सात दिवसांत तो म्हातारा झाला होता. "पदकाला हात लावील त्याचा हात जाईल."

"महाराज, हात तसाही जाणार आहे. आधी माझं ऐका."

गर्दीतून भानजी ओरडला, "मंजुळे! शेगडीवर हात धरला होतास! शपथ आठव!"

"आठवते, भानजीकाका. तिच्याआधीचं आईचं बोलणंही आठवतं." मग ती सगळ्यांकडे वळली. ती म्हणाली, "ही झळाळी खड्याची नाही. खाली पत्रा आहे. मी घातलाय. तुमच्या पुष्कळांच्या दागिन्यांत घातलाय. आम्ही सगळेच घालतो. तिथं काही बिघडत नाही, दिसायचं ते दिसतं. इथं बिघडलं. हा खडा दिसण्यासाठी नव्हता."

दरबारातल्या किती बायकांचे हात आपापल्या गळ्याकडे गेले, मोजायला नको. शेजारच्या राज्याचा वकील आपल्या दहा बोटांकडे टक लावून पाहू लागला.

"म्हणजे," राजा सावकाश म्हणाला, "मी माझ्या राणीच्या गळ्यात पत्रा बांधला आणि तोच सात दिवस सांभाळत बसलो?"

"तुम्ही चमक मागितलीत, महाराज. पत्रा मी बांधला."

राजाचे कान लाल झाले. मग हळूहळू उतरले. तो सिंहासनावरून खाली आला, पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "उघड."

मंजुळेने डोळे मिटले. खड्याला गाल लावला. त्यावर श्वास सोडला आणि डोळे किलकिले करून धुके विरताना पाहिले. एकदा, दोनदा, तीनदा. रेघ सापडली. तिने छिन्नी त्या बाजूला लावली आणि सोने उचकटले. पाठ उघडली, पत्रा गळून फरशीवर पडला. त्याबरोबर पुष्कराजाची झळाळी विझली. राज्यातला शेवटचा पिवळाही गेला. दरबारात हाहाकार उडाला, कुणीतरी म्हणाले, मेली राणी. राजाने तोंड झाकून घेतले.

खडा मंजुळेच्या तळहातावर होता, काचेसारखा पांढरा. तो पिऊ लागला. आधी बोटांची टोके गेली, मग तळवा, मग मनगट. टाकून द्यावा असे तिला वाटले. एक क्षणभर वाटले. वडिलांनी याच बोटांना धरून पहिला खडा बसवायला शिकवला होता. पण त्याच बोटांना लहानपणी इंदू धरून चाले. मंजुळेने दुसरा हातही खड्यावर ठेवला आणि म्हणाली, "पी बाबा. पोटभर पी."

कोपरापर्यंत गार झाल्यावर खडा थांबला. तिने तो जपून ठेवलेल्या जुन्या घरात घालून राणीच्या उघड्या छातीवर टेकवला आणि चार नख्या दुमडल्या. खिडकीतून दुपारचे पांढरे ऊन खड्यावर पडले. लोक वाट पाहत राहिले. खिडकीच्या चौकटीत हळद्या बसला होता.

मग त्याचे एक पीस पिवळे झाले.

त्यामागून दुसरे. मग सारा पक्षी हळदीत लोळल्यासारखा. मग चौकटीवरचे ऊन, फरशीवरचे ऊन, बायकांच्या हातांतल्या बांगड्या, दारावरच्या तोरणातले झेंडू. पुष्कराज स्वतः मात्र पहिल्यासारखाच फिका राहिला, पातळ मधासारखा. त्याच्यातून उजेड आत चालला होता, बाहेर दाखवायला त्याच्यापाशी फारसा उरत नव्हता.

राणीने डोळे उघडले. छातीशी असलेला हात चाचपला.

"मंजे," ती म्हणाली, "तुझे हात किती गार आहेत गं."

आणि जन्मभर जिला दुसऱ्यांनी ऊब दिली, तिने मंजुळेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळू लागली. मंजुळेला राणीसाहेब म्हणायचे होते. तोंडातून इंदू एवढेच आले, आणि भर दरबारात ती लहान मुलीसारखी रडली.

त्या आठवड्यात राज्यात इतकी लग्ने लागली की हळद पुरेना. वकील आपल्या राज्यात गेला तो हिरे न घालता गेला. राजाने दवंडी मागे घेतली. त्यानंतरही त्याचे कान लाल होत, पण तो आधी कान थंड होऊ देई आणि मग बोले. कारागिरांकडे दागिने घेऊन लोकांच्या रांगा लागल्या. निम्मे म्हणाले, पत्रा काढा. निम्मे म्हणाले, असू द्या, छान दिसतो. भानजी वर्षभर मंजुळेशी बोलला नाही. मग एका सकाळी एक पुष्कराज घेऊन आला आणि विचारू लागला, "ती रेघ कशी बघतेस, मला एकदा दाखव."

आणि मंजुळेचे हात? त्यांत ऊब परत आली, पण राणीच्या हातांत असेतोच. सोडले की घटकाभरात पुन्हा गार. म्हणून रोज दुपारी राणी इंदुलेखा चालत मंजुळेच्या दुकानी येई आणि तिचे हात हातांत धरून बसे. मग राणी उठे, आणि हात गार होईतो मंजुळा एक खडा बसवी. दिवसाला एकच, उघड्या पाठीचा. इतके सुबक काम त्या राज्यात आधी कुणी केले नव्हते.

गोष्ट सरली, पक्षी उडाला. ज्यांनी ऐकली त्यांच्या अंगणात ऊन पिवळे पडो, आणि पडलेले ऊन अंगाला लागो.